घरची ऊब आणि थंडीची सुटी

नाताळची सुटी लहान असते. दिवाळीचा थाट तिला नाहीं आणि मे महिन्याच्या सुटीची ऐसपैस लांबीहि नाहीं. नाताळ हा शब्द मूळचा पोर्तुगीज. परंतु तो आतां इतका घरचा झाला आहे कीं, ज्यांच्या घरीं हा सण होत नाहीं तीं मुलेंहि "नाताळांत आजोळीं जाणार" असेंच म्हणतात. हे आठ-दहा दिवस नेमके ऐन थंडीच्या तोंडाशीं येतात. संध्याकाळ लवकर होते, सकाळीं अंथरूण सोडवत नाहीं, आणि घरांतलीं सर्व माणसें एरवींपेक्षां अधिक वेळ एकमेकांच्या दृष्टीसमोर असतात. अशा वेळीं पुष्कळ घरांतून एक प्रश्न निघतो: थंडीसाठीं काय काय विकत आणावयाचें? नवे स्वेटर, जाड ब्लँकेटें, विजेची शेगडी; आणि तेंहि पुरेसें वाटलें नाहीं तर कोठें तरी सहल. आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्नच उलट्या टोंकाकडून धरलेला आहे. ऊब बहुतेक घरांत आधींच असते. ती कोठून येते, कोठून निसटते, आणि ती राखण्यासाठीं कोण राबतें, हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. प्रस्तुत लेखांत तेवढेंच पाहावयाचें आहे.

प्रथम गोधडी घेऊं. गोधडी गरम असते असें आपण म्हणतों. वास्तविक ती गरम नसते. सकाळीं रिकाम्या झालेल्या गोधडींत अर्ध्या तासानें हात घालून पाहावा. ती खोलीइतकीच गार झालेली असते. ऊब असते ती आपल्या स्वतःच्या शरीराची. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरांतून सुमारें शंभर वॅट या प्रमाणांत उष्णता सारखी बाहेर पडत असते. झोंपेंत ती कांहींशी कमी होते. शंभर वॅट म्हणजे किती, हें ज्यांनीं जुने पिवळ्या उजेडाचे दिवे वापरले आहेत त्या पालकांस सांगावयास नको. तसा शंभरी दिवा पेटता असतां त्याला हात लावण्याची कोणाची छाती होत नसे. तेवढी उष्णता आपण प्रत्येक जण अंगाबरोबर घेऊन हिंडत असतों, आणि अन्नाच्या रूपानें तिची किंमत भरीत असतों. गोधडीचें काम एवढेंच कीं, ही उष्णता लगोलग निघून जाऊं द्यावयाची नाहीं.

तें ती कशी करते? जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून धांवदोऱ्यानें शिवले म्हणजे गोधडी (कांहीं भागांत तिला वाकळ म्हणतात) तयार होते. कापड तर जुनें, विरलेलें. खरें काम करते ती थराथरांमध्यें अडकून पडलेली हवा. स्थिर हवेंतून उष्णता फार मंद गतीनें जाते. म्हणूनच एका जाड पांघरुणापेक्षां दोन पातळ पांघरुणें पुष्कळदां अधिक उपयोगीं पडतात, आणि एका भारी स्वेटरापेक्षां सदऱ्याखालीं घातलेली साधी बंडी. आजी गोधड्या रोज उन्हांत टाकावयास लावते, तेंहि उगीच नव्हे. रात्रभर अंगाच्या घामानें कापूस दमट होतो व दबतो. दबला कीं त्यांतील हवा जाते, आणि ओलावा तर उष्णता भराभर वाहून नेतो. दोन तास ऊन लागलें कीं ओल जाते, थर पुन्हां फुगतात.

येथें एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. थंडी जितकी वरून लागते तितकीच खालूनहि लागते. अंगाच्या भारानें अंथरुणांतली हवा दाबली जाते, म्हणून खालचें अंथरूण वरच्या पांघरुणापेक्षां दाट हवें. शहाबादी फरशीवर पाय ठेवला तर चटका बसावा तशी गार लागते, आणि शेणानें सारवलेली जमीन तितकी लागत नाहीं. दोहोंचें तापमान वास्तविक एकच असलें तरी दगड पायाची ऊब अधिक वेगानें ओढून घेतो. खेड्यांत अंथरुणाखालीं भाताचा पेंढा पसरतात. शहरांत पेंढा मिळत नाहीं. पण चटईवर एक जुनी सतरंजी टाकावयास कोणाची ना आहे?

आतां घोंगडी. दख्खनच्या माळावरील मेंढ्यांची लोकर आंखूड व राठ असते. शोभेचे कपडे तिचे होत नाहींत. परंतु धनगर ज्या घोंगडीची खोळ करून पावसांत व कडाक्याच्या थंडींत रात्र काढतो ती याच लोकरीची. तिचा धागा हातानें कातला जातो, ती साध्या मागावर विणली जाते, आणि चिंचोक्याच्या खळीनें तिला ताठपणा आणला जातो. लोकरीचा प्रत्येक तंतु नागमोडी असतो, त्यामुळें त्यांत हवा कोंडली जाते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषून घेते तरी अंगाला ओली लागत नाहीं. घोंगडी टोंचते ही तक्रार खरी आहे. आंत एक जुनी सुती चादर घेतली म्हणजे ती मिटते. नव्या ब्लँकेटाच्या निम्मी शोभाहि तिला नाहीं, हें आम्हांस कबूल आहे. पण घरांत एखादी आजोबांची घोंगडी असेल तर ती भंगारांत काढण्यापूर्वीं या सुटींत चार रात्री अंगावर घेऊन पाहावी.

अंगावरून खोलीकडे येऊं. आपल्या पठारावरील हिवाळ्याचा एक विशेष असा कीं, दिवस उबदार व रात्र गार. जानेवारींत पुण्यास दुपारीं पारा तिसाच्या आसपास जातो आणि पहाटे अकरा-बारापर्यंत उतरतो. १७ जानेवारी १९३५ रोजीं तर तेथें १.७ अंश सेल्सियस इतकें तापमान नोंदलें गेलें होतें. याचें कारण असें कीं, या दिवसांत आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. जमिनीनें दिवसभर घेतलेली उष्णता रात्रीं आकाशाकडे निघून जाते व तिला अडवावयास ढग नसतात. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं कांहीं वर्षीं पहाटेचें दंव गोठून पांढरी साय धरते, ती यामुळेंच. (मुंबईकरांस समुद्र सांभाळतो, म्हणून त्यांची थंडी ही थोडी कौतुकाचीच असते.) आकाशाचें पांघरूण नसेल तर घराचें करावें. दुपारीं उन्हाच्या बाजूच्या खिडक्या उघड्या टाकून ऊन आंत घ्यावें, आणि सूर्य मावळतांना त्या लोटून घ्याव्या. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती दिवसा तापत व रात्रीं हळूहळू निवत. पातळ भिंतींच्या घरांत तें सुख नाहीं, म्हणून तेथें वेळेचा नेम अधिक पाळावा लागतो.

आणि मग माणसांचा हिशेब करावा. एकाचे शंभर वॅट, तर पांच माणसें एका खोलींत बसलीं म्हणजे अर्ध्या किलोवॅटची शेगडीच पेटली! तिला वीज लागत नाहीं, बिल येत नाहीं. परंतु हल्लीं असें दिसतें कीं, जेवण होतांच घरांतील पांच माणसें पांच कोपऱ्यांत पांच दूरध्वनि हातांत घेऊन बसतात, आणि मग प्रत्येकास थंडी वाजते.

येथें पालकांनीं थांबून पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा, कारण येथवर सांगितलेली सल्ला एका ठिकाणीं प्राणघातक ठरूं शकते. दारें-खिडक्या लावून ऊब राखावी हें खरें. पण ज्या खोलींत कोळशाची शेगडी, घमेल्यांतले निखारे किंवा कोणतीहि धग पेटती असेल ती खोली कधींहि पूर्ण बंद करूं नये, आणि निखारे खोलींत ठेवून तर कधींच झोंपूं नये. हवा अपुरी पडली म्हणजे कोळसा अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि धुराप्रमाणें तो डोळ्यांत झोंबतहि नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यास प्राणवायु चिकटावयाचा त्यालाच हा वायु प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट जोरानें चिकटतो. डोकें दुखतें, मळमळतें, घेरी येते, गुंगी येते. आणि ती झोंपच वाटल्यामुळें माणूस उठत नाहीं. स्नानगृहांतील गॅसच्या गिझरानेंहि हेंच होतें. लहान मोरी, बंद झरोका, थंडी म्हणून लावलेलें दार, आणि आंत जळणारा गॅस! असा गिझर शक्य तों मोरीच्या बाहेर असावा. तो आंतच असेल तर दार उघडें ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, खोली वारेशीर होऊं द्यावी, आणि मग स्नान करावें. कोणास घेरी आल्यास प्रथम दारें-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेंत आणावें व विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें. ज्या घरांत लहान मुलें एकटीं स्नान करितात त्या घरांत हा नेम भिंतीवर लिहून लावण्यासारखा आहे.

चुलीविषयींहि दोन शब्द. हिवाळ्यांत स्वयंपाकघर ही घरांतली सर्वांत सुखाची खोली, आणि चुलीपुढें बसून खाल्लेल्या भाकरीची गोडी निराळी, असें पुष्कळ जण गहिंवरून लिहितात. भाकरीविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु त्या चुलीपुढें जी दररोज तीन-चार तास बसते तिच्या डोळ्यांस व छातीस तो धूर काय करितो, हें त्या लेखांत सहसा येत नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसच्या जोडण्या खेड्यापाड्यांतून पुष्कळ पोंचल्या. तरी सिलिंडर महाग पडला कीं चूल पुन्हां पेटते. जेथें ती पेटत असेल तेथें धुराला वाट करून देणें हें पहिलें काम. थोडी ऊब गेली तरी चालेल.

आतां ज्या विषयाकडे विद्यार्थ्यांचें लक्ष केव्हांचें लागलें असेल तो, म्हणजे खाणें. शरीराच्या शेगडीस सरपण लागतें, आणि तें कोणतें असावें हें हिवाळ्याच्या आपल्या जेवणानें फार पूर्वींच ठरवून ठेविलें आहे. तिळांत निम्म्याच्या आसपास तेल असतें, भुईमुगाच्या दाण्यांतहि जवळजवळ तेवढेंच. एक ग्रॅम पिठुळ पदार्थापासून सुमारें चार कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धापासून नऊ. भोगीच्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि वांगीं, गाजर, घेवडा, ओला हरभरा, शेंगदाणे घातलेली लेंकुरवाळी भाजी. या ताटांत महागडें असें कांहींच नाहीं, आणि थंडीच्या दिवसांत शरीरास हवें तें सर्व आहे. बाजरींत गव्हापेक्षां स्निग्धांश अधिक असतो. म्हणून तिचें पीठ थोड्याच दिवसांत कडू होतें. दळण थोडें थोडें आणावें लागतें तें यासाठीं. दुकानदारानें फसविलें असें समजूं नये.

रब्बीची ज्वारी डिसेंबर-जानेवारींत दुधावर येते, आणि मग हुरड्याचे दिवस. दाणा पूर्ण भरलेला असतो पण पिकलेला नसतो. त्यांतील साखरेचें अजून पुरतें पीठ झालेलें नसतें, म्हणून तो गोड. शेतांतच एक लहानसा खड्डा करून त्यांत गोवऱ्यांची आगटी पेटवितात, कणसें तींत खुपसतात, आणि गरम गरम कणीस तळहातांवर चोळून दाणे मोकळे करितात. फुंकर मारून कोंडा उडवावयाचा आणि लसणीची चटणी, शेंगदाणे, गूळ यांबरोबर खावयाचें. वाढण्यास ताटहि लागत नाहीं. अलीकडे शहराजवळच्या मळ्यांतून माणशीं दर ठरवून हुरडा खाऊं घालतात व मध्यें ध्वनिवर्धकावर गाणीं लावतात. शेतकऱ्यास चार पैसे मिळतात हें उत्तमच. गाण्यांविषयीं आम्ही मौन धरतों.

कोंकणांत, विशेषतः अलिबाग-पेणच्या बाजूस, याच दिवसांत पोपटी होते. ती तर एक शास्त्राचा पाठच आहे. मातीच्या मडक्यांत तळाशीं भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओंवा. मग पुन्हां पाला घालून तोंड गच्च बंद करावयाचें. मडकें जमिनीवर पालथें घालून भोंवतीं पाला-पाचोळा व काटक्या रचून पेटवावयाचें. पाण्याचा थेंबहि घालावयाचा नाहीं! शेंगांतलें व पाल्यांतलें पाणी तापून त्याची वाफ होते, ती बाहेर जाऊं शकत नाहीं, आणि शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. गोधडींत माणसाचें जें होतें तेंच मडक्यांत शेंगांचें. गोव्यांतील व वसईच्या ख्रिस्ती घरांत याच सुमारास नाताळचा फराळ होतो. गोव्याकडे नेवऱ्या व दोदोल हे त्यांतले मानाचे पदार्थ. ताटें शेजाऱ्यांकडे जातात, आणि पंधरा-वीस दिवसांनीं त्याच आळींत तिळगूळ फिरतो.

हें सर्व वाचावयास सुखाचें आहे. पण पहाटे पांच वाजतां, गोधडींत हवा कोंडून सगळे झोंपलेले असतां, त्या गोधडींतून पहिलें कोण बाहेर पडतें? पाणी कोण तापवितें? बाजरीच्या पिठांत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून तें गरम पाण्यानें पुष्कळ मळावें लागतें, एका वेळीं एकाच भाकरीपुरतें. आणि भाकरी तव्यावरून थेट ताटांत पडावी असा आपला सर्वांचा आग्रह. करणारीच्या वांट्यास शेवटची भाकरी येते, ती ती जेवावयास बसेपर्यंत निवून गेलेली असते. ज्या घरची ऊब आपण वाखाणतों त्या घरांत थंडगार जेवणारें एक माणूस रोज असतें. भारत सरकारनें २०१९ सालीं लोक आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकीं ८१ घरकाम करितात, शंभर पुरुषांपैकीं २६, असें तींत दिसून आलें. आणि जे करितात त्यांचाच वेळ मोजला तर स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटें व पुरुषांचा ९७ मिनिटें. सुटी विद्यार्थ्यांस लागते, शिक्षकांस लागते, कचेऱ्यांस लागते. या पांच तासांस सुटी नाहीं. उलट मुलें घरीं आलीं, पाहुणे आले, कीं तीं मिनिटें वाढतात.

तेव्हां या सुटींत मोठ्या विद्यार्थ्यांनीं, मुलगे व मुली दोघांनींहि, भाकरी शिकावी अशी आमची सूचना आहे. पहिल्या चार-पांच तुटतील. पाणी फार कमी झालें तर कडा फुटतात, फार झालें तर परातीस चिकटतें. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाण्याचा हात फिरवावयाचा, तो सुकूं लागतांच उलटावयाची. सातव्या-आठव्या वेळीं ती फुगते. आणि एक दिवस तरी घरांतील सर्वांना वाढून झाल्यावर नव्हे, सर्वांच्या आधीं, तव्यावरची पहिली भाकरी आईच्या ताटांत पडावी. सकाळीं पाणी तापविणें, गोधड्यांच्या घड्या करणें, त्या उन्हांत घालणें, संध्याकाळीं आणणें हीं कामें तर दहा वर्षांच्या मुलासहि येतात. वडिलांनीं तीं करूं नयेत असें कोठें लिहिलेलें नाहीं.

रात्रींच्या वेळेविषयीं थोडेंसें. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. तिचीं प्रकरणें म्हणजे रात्री आहेत, पहिली रात्र, दुसरी रात्र अशा. श्याम रोज रात्रीं मित्रांना एक आठवण सांगतो आणि मंडळी उद्यां येण्यासाठीं उठतात. पुस्तकाची ही मांडणी कोणत्याहि घरास उचलतां येण्यासारखी आहे. दहा दिवसांच्या सुटीच्या दहा रात्री. एका रात्रीं आजीनें तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगावी, दुसऱ्या रात्रीं वडिलांनीं पहिल्या नोकरीची, तिसऱ्या रात्रीं धाकट्यानें शाळेंतली. सांगतां येत नसेल त्यानें वाचून दाखवावें. एकच दिवा लावावा. खोलींतील एकाच दिव्याभोंवतीं माणसें आपोआप जवळ सरकतात.

सुटी संपतांना एक फसगत ठरलेली असते. २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान असतो, पुण्यास सुमारें अकरा तासांचा. तेथून तो वाढूं लागतो हें भूगोलांत सर्वांनीं वाचलेलें असतें. मग जानेवारींत शाळा उघडल्यावर सकाळचा अंधार वाढलेला कां वाटतो? तो भास नव्हे. पृथ्वीचा आंस कललेला आहे व तिची कक्षा पूर्ण वर्तुळ नाहीं, यांमुळें या दिवसांत सूर्याचा मध्यान्ह घड्याळाप्रमाणें रोज किंचित् उशिरा होतो. म्हणून दिवस वाढतो तो आधीं संध्याकाळच्या बाजूनें. पुण्यास २२ डिसेंबरला सूर्य सात वाजून दोन-तीन मिनिटांनीं उगवतो, आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत सात वाजून नऊ-दहा मिनिटांनीं. त्यानंतर तो लवकर येऊं लागतो. तेव्हां संक्रांत झाली म्हणून गोधड्या माळ्यावर टाकण्याची घाई करूं नये. रथसप्तमी होऊं द्यावी, मग एखाद्या कडक उन्हाच्या रविवारीं त्या धुवावयास काढाव्या. भिजलेली गोधडी एकट्याच्या हातून पिळली जात नाहीं. दोन टोंकांना दोघे जण लागतात.